कपाटातले सात शर्टपीस

सप्रेम नमस्कार,

माझं वय ५०. डोंबिवलीत राहतो, ऐरोलीला एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. ८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली तेव्हा मी पहिलीत होतो. आईने पापड लाटले, चार माणसांचे डबे केले. बाबा पुढे वॉचमन झाले. साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवायचा, पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवायच्या, कोणाचं उधार ठेवायचं नाही, अशात आम्ही वाढलो. त्याच पैशांत मी आणि बहीण शिकलो.

बाबा गेल्या वर्षी गेले, ८१ व्या वर्षी. कपाट आवरताना सात शर्टपीस निघाले. दिवाळीला आम्हीच दिलेले, पुठ्ठ्यासकट तसेच. एकाच्या घडीत जुन्या पाचशेच्या नऊ नोटा होत्या. शेवटची सहा वर्षं त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. यंत्राला ३० हजार पडतील म्हटल्यावर म्हणाले, "आता काय ऐकायचं राहिलंय?"

मीही तसाच आहे. घराचं कर्ज फिटलंय. १४ लाख बचत खात्यात आहेत, ६ लाख पतसंस्थेत, बाबांचे ९ लाख आईच्या (वय ७६) नावावर आले आहेत. तरी स्टेशनवरून घरी चालत जातो, ठाण्याला गाडी बदलताना घ्यायचो तो चहा बंद केलाय, घरात गिझरला वेळ लावून दिलीय. बायको शिक्षिका आहे, ती काही बोलत नाही. आई देवरुखजवळच्या गावी जाऊ म्हणते, ते चार वर्षं राहतंय. परवा मुलगा (वय १७) ६० हजारांच्या फोनवरून भांडला आणि म्हणाला, "तुमच्याही कपाटात मला नोटाच सापडणार."

काटकसरीनेच आम्ही उभे राहिलो. मग ते कपाट उघडल्यापासून मला झोप का लागत नाही? काटकसरीने आयुष्य खरंच चांगलं होतं का?

— गिरणी कामगाराचा मुलगा, डोंबिवली

*

नमस्कार,

आधी त्या नऊ नोटांचं सांगते, कारण तो माझ्या कामातला विषय. मी ३१ वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली आहेत, आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतरचे ते पन्नास दिवस विसरू म्हटलं तरी विसरायची नाही. त्या नोटा आता कुठे चालायच्या नाहीत की बदलून मिळायच्या नाहीत. दहापर्यंत जवळ ठेवायला मात्र कायद्याची हरकत नाही. एका पाकिटात घालून ठेवा. त्या रांगांत डाळीच्या डब्यातून, उशीच्या अभ्र्यातून काढलेले पैसे घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्या, आणि त्यांच्या मागे तोंडाचा आ वासून उभे असलेले नवरेही पाहिले. तुमचे बाबा रांगेत आलेच नाहीत. विसरले असतील, किंवा घरात कळेल म्हणून गप्प बसले असतील. आता कोणाला विचारणार?

कपाटाकडे बघून तुम्ही बाबांवर रागावलात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, थोडे रागावला आहात, आणि त्याची लाजही वाटते आहे. म्हणून आधी त्यांची बाजू मांडते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार होते. दोन-तीन महिन्यांत काहीतरी तोडगा निघेल अशा हिशेबाने घरोघरी डाळ-तांदूळ भरलेले होते. महिने गेले, वर्ष गेलं. कोणी गावी शेतावर गेलं, कोणी हातगाडी लावली, घराघरांतली तांब्याची भांडी मोडीत निघाली, मग बायकांच्या अंगावरचं सोनं. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या चाळीतल्या एका काकूंनी पितळी घागर विकायला नेली, ती पदराखाली झाकून. एवढी मोठी घागर पदराखाली मावते थोडीच? सगळ्या चाळीला दिसली आणि सगळ्या चाळीने न पाहिल्यासारखं केलं.

अशा वेळी ज्याच्या डोक्यावर सावकार नव्हता तो निदान रात्री दार लावून झोपू शकत होता. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात वसुलीला उभे राहणारे सावकार तुमच्या बाबांनी पाहिलेच असणार. चाळिशीही गाठली नव्हती तेव्हा त्यांची नोकरी गेली, दोन मुलं पदरात होती. त्या माणसाने साबणाचा तुकडा साबणाला चिकटवला, त्याला मी कंजूषपणा म्हणणार नाही. तुमची फी त्यातून भरली गेली. काटकसरीने आयुष्य चांगलं होतं का, असं विचारता ना? १९८२ ते, समजा, १९९८ या काळापुरतं माझं उत्तर सरळ हो असं आहे. तुम्ही स्वतःच त्याचा पुरावा आहात.

पण त्या संपाची एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. हळूहळू विरत गेला. काहींना कामावर परत घेतलं, बऱ्याच जणांना नाही, पुढे गिरण्या बंद पडल्या, आणि त्या जमिनींवर आज काय उभं आहे ते तुम्ही लोकलमधून बघताच. "संपला" असं कोणी जाहीर केलं नाही. तुमच्या घरातही नेमकं तेच झालं असावं. मुलगा नोकरीला लागला, मुलगी सासरी गेली, कर्ज फिटलं, तरी "आता सैल व्हायला हरकत नाही" हे म्हणायला कोणीच आलं नाही. बाबा ८१ व्या वर्षापर्यंत संपावरच राहिले. आणि तुम्ही, माफ करा, वारसाहक्काने संपावर आहात.

कानाच्या यंत्राचं वाचून मला जास्त वाईट वाटलं. शर्टपीस न शिवल्याने त्यांचं फारसं काही बिघडलं नसेल, त्यांना जुनेच शर्ट आवडत असतील. पण ऐकू न येणारा माणूस हळूहळू बैठकीतून उठून जातो. आधी गर्दीत बोलणं टाळतो, मग फोन घेणं सोडतो, मग घरचे ओरडून बोलतात म्हणून चिडतो, आणि घरचे तो चिडतो म्हणून बोलेनासे होतात. तुमचा मुलगा ११ ते १७ वर्षांचा झाला तो याच सहा वर्षांत. आजोबांकडे तोवर संपाच्या, चाळीच्या, गावच्या केवढ्या गोष्टी असतील आणि तो विचारायच्या वयाचा झाला होता. ३० हजार वाचले ते त्या बदल्यात. सगळा दोष पैशाला देऊ नका म्हणा. यंत्र लावणं म्हणजे म्हातारपण कबूल करणं, ते अनेकांच्या जिवावर येतं. माझ्या यजमानांनीही दीड वर्ष टाळाटाळ केली आणि आमच्याकडे तर प्रश्न पैशाचा नव्हता.

काउंटरवर बसून माणसांच्या काटकसरीचे फार प्रकार बघायला मिळतात. आमच्या शाखेत एक सफाई कामगार बाई यायच्या. महिन्याला ५०० रुपयांचं रिकरिंग, कधी चुकलं नाही. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला त्या दिवशी त्यांनी सगळंच्या सगळं काढलं आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आल्या. खातं जवळजवळ रिकामं होतं आणि बाई इतक्या खूश! त्याच शाखेत एक निवृत्त इंजिनियर होते. दर महिन्याच्या १ तारखेला पासबुक भरायला हजर. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं, पण मुदत ठेव मोडली तर एक टक्का दंड, म्हणून मुदत संपेपर्यंत थांबले. मुदत संपली तेव्हा व्याजदर बरा होता, म्हणून नूतनीकरण केलं. दोन वर्षं ते माझ्यासमोर लंगडत आले. मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही बँकेत असून ठेव मोडायला सांगता?" दोघंही काटकसरीच. पण बाईंना आपण कशासाठी साठवतोय हे पहिल्या हप्त्यापासून माहीत होतं. इंजिनियर साहेबांना साठवण्यासाठी साठवायचं होतं. काटकसर बरी की वाईट हे पैसे भरताना कळत नाही, काढायची वेळ आली की हात उघडतो का, तिथे कळतं.

आणखी एक गोष्ट. तुमच्या पत्रात एक छोटं वाक्य आहे, "ती काही बोलत नाही." ते मी पुन्हा पुन्हा वाचलं.

महर्षी कर्वे फर्ग्युसनमध्ये शिकवायचे. तिथल्या आजीव सदस्यांचा पगार तेव्हा ७५ रुपये होता. हिंगण्याला १९०० साली विधवांच्या आश्रमाची झोपडी उभी राहिली, तेव्हापासून पुणे आणि हिंगण्यादरम्यान रोज पायी जा-ये करायचे. त्यांच्या साधेपणातून केवढी संस्था उभी राहिली ते आपण जाणतो, आणि ते जगले १०४ वर्षं. पण त्याच घरात त्यांच्या पत्नी बाया कर्वेही होत्या. संसाराची ओढाताण त्यांच्या वाट्याला आली आणि आपल्या आठवणींत त्यांनी ती आडपडदा न ठेवता लिहून ठेवली आहे. मला दोघांबद्दल आदर आहे, पण वय वाढतंय तसा बायांबद्दल जरा जास्त वाटायला लागलाय. एकाच्या काटकसरीचं ओझं घरातलं दुसरं माणूस वाहत असतं आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं. कर्व्यांकडे निदान स्त्रीशिक्षणाचं काम होतं. तुमच्याकडे गिझरची वेळ आहे. तुमच्या पत्नी कमावतात, सकाळी डबे करून शाळेत उभ्या राहून शिकवतात, त्यांना गरम पाणी किती मिनिटं लागतं हे तुम्ही ठरवता. त्या गप्प आहेत ते पटलंय म्हणून, असं मला वाटत नाही. बहुधा बोलून दमल्या आहेत. गिझरचं वेळेचं यंत्र आजच काढा. आणि दोघांनी दरमहा ठरावीक रक्कम बिनहिशेबी ठेवा, तुमची तुम्हाला, त्यांची त्यांना. कुठे गेली हे विचारायचं नाही. पहिल्या महिन्यात तुम्हाला त्रास होईल, अकाउंट्सवाले आहात.

आता पैशाचं बोलते, कारण तिथे तुम्ही मुळीच काटकसरी नाही. रागावू नका. ठाण्याचा चहा १५ रुपयांना धरला आणि वर्षाचे कामाचे ३०० दिवस, तर तुम्ही ४,५०० रुपये वाचवता. बचत खात्यावर सध्या अडीच टक्क्यांच्या आसपास व्याज मिळतं. अडीनडीला ४ लाख तिथे राहू द्या. उरलेले १० लाख साध्या मुदत ठेवीत सहा टक्क्यांनी ठेवलेत तरी वर्षाला ३५,००० रुपये जास्त. कर जाऊन कमी होतील, तरी तुमच्यासकट पाच-सहा जणांचा चहा निघेल. दात कोरून पोट भरत नाही असं आपली माणसं उगाच म्हणत नाहीत. तुम्ही वर्षानुवर्षं दात कोरताय आणि ताट झाकून ठेवलंय.

पतसंस्थेतल्या ६ लाखांची मला काळजी वाटते. बँक बुडाली तर ठेवीदाराला दर बँकेमागे ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, २०२० पासून. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. एक-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी माणसं तिथे निवृत्तीची सगळी रक्कम ठेवतात, हे मी आयुष्यभर बघत आले. मुदत संपेल तसे पैसे बाहेर काढा.

आरोग्य विम्याबद्दल पत्रात चकार शब्द नाही, म्हणजे कंपनीचा असणार. तो नोकरीबरोबर जातो. नवीन विम्यात आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं, म्हणून ५८ ची वाट न बघता आताच घ्या. वैयक्तिक विम्यावरचा जीएसटीही सप्टेंबर २०२५ पासून गेलाय, तेवढाच तुमच्या जिवाला दिलासा. आईंचं वय ७० च्या वर आहे, त्यांचं आयुष्मान कार्ड काढून घ्या, उत्पन्नाची अट नाही आणि योजनेतल्या रुग्णालयांत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. त्यांच्या नावावरचे ९ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकलेत तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला १८,४५० रुपये व्याज येईल. ते त्यांच्या खात्यात येऊ द्या, आणि एटीएम कार्ड त्यांच्याच बटव्यात राहू द्या. डबे करून घर चालवलेल्या बाईच्या हातात ७६ व्या वर्षी स्वतःचे, कोणाला न विचारता खर्च करायचे पैसे आले, तर ती काय करते ते तरी बघा. बहुतेक नातवाला देईल. देऊ दे.

नातवावरून आठवलं. ६० हजारांच्या फोनला नाही म्हणा, खुशाल म्हणा. "बिनव्याजी हप्ते आहेत" म्हणेल, तरी नाही म्हणा. हात सैल करायचा म्हणजे मागेल ते द्यायचं असं नाही, आणि १७ व्या वर्षी नाही ऐकायची सवय झालेली बरी. पण तो फोनपुरतं भांडला नाही हे तुम्हालाही कळलंय, नाहीतर त्याचं वाक्य तुम्ही मला लिहून कळवलं नसतंत. त्याने कपाट पाहिलं. सहा वर्षं आजोबांना पाहिलं. त्याला आता तुम्ही दिसताय. त्याला समोर बसवून संपाची गोष्ट सांगा, पैशाचा उपदेश न करता. घरात साबणाचे तुकडे का चिकटवले जातात हे त्याला कोणी सांगितलेलंच नसेल.

आणि गावाला जा. या बाबतीत तर तुमच्यासारख्या माणसाला कारणच उरलेलं नाही. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना राज्यभर तिकीट नाही, म्हणजे आईंचा प्रवास फुकट. बायकांना अर्धं तिकीट आहे. चौघांच्या घरात पूर्ण भाडं भरणारे तुम्ही आणि तुमचा मुलगा दोघेच. चार वर्षं तुम्ही नेमका कोणता खर्च वाचवत होतात? गणपतीत नको, गर्दीत आईंचे हाल होतील. दिवाळीनंतर जा. थंडी सुरू झालेली असते, भाताची कापणी उरकलेली असते. चार दिवस तरी राहा. सकाळी जाऊन संध्याकाळी परत असलं काही करू नका, तुम्ही तेही कराल म्हणून सांगतेय.

झोपेचं विचारलं होतंत. दुःख आहे ते, वर्षही झालेलं नाही, लागेल हळूहळू. त्याला काटकसरीचा प्रश्न म्हणून सोडवू नका.

राहिले ते शर्टपीस. उघडून उन्हात टाका आणि घड्या नीट बघा, इतकी वर्षं बंद राहिलेल्या कापडाला कसर लागते. दोन-तीन गेलेले असतील. उरतील त्यातले दोन तुम्हाला शिवा, एक मुलाच्या पसंतीचा त्याला. शिलाई हल्ली कापडापेक्षा महाग पडते, मला माहीत आहे. शिंप्याकडे गेल्यावर तुम्हालाही कळेल. तरी शिवा.